चार लाख एकरांची सरासरी

केज तालुक्यातलं एक घर, मांजरा धरणाच्या धनेगावपासून फार लांब नाही. दिवाळी, २०२५. ओसरीच्या ज्या कोपऱ्यात दर साली सोयाबीनची थप्पी लागते, तिथं यंदा चार पोती आहेत आणि त्यांनाही कुबट वास येतोय. मामांचं सात एकर रान, त्यातलं नदीकडचं दोन एकर सप्टेंबरच्या पुरानं खरडून नेलेलं. भाची हैदराबादेत असते. उपग्रहांच्या आकड्यांवरून समुद्राच्या पृष्ठभागाची क्षारता काढणं, हे तिचं काम. चहा झाला, फराळ झाला आणि विषय निघाला.

मामा : तुझी आई म्हनली, पोरगी समुद्रात मीठ किती ते मोजती. मी म्हनलं, त्यात मोजायचं काय? समुद्र खारट हाय हे कोळ्याच्या लेकराला बी ठावं.

भाची : खारट आहे हे ठाऊकच आहे, मामा. पण सगळीकडं सारखा नाही. जगातल्या समुद्राचा मेळ घातला तर किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ निघतं. अरबी समुद्रात ते ३६ च्या वर जातं. बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकाला पावसाळा सरताना ३० च्याही खाली येतं.

मामा : अन् हे आभाळातून दिसतं? मीठ पाण्यात इरघळल्यावर जवळून दिसत न्हाई.

भाची : दिसत नाहीच. तुमची मातीची आरोग्य पत्रिका कुठंय? तिच्यात सामूच्या शेजारी ई.सी. म्हणून एक रकाना असतो.

मामा : हाय की. बोअरचं पाणी मचूळ झालं तवापासून तोच रकाना आधी बघतो. वरच्या वावरात पांढरा खार फुटायलाय.

भाची : तो रकाना भरताना प्रयोगशाळेत माती पाण्यात कालवतात आणि त्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतात. मीठ जास्त, तर वीज जास्त वाहते. उपग्रह समुद्राचा हाच गुण पकडतो, फक्त सातशे किलोमीटरवरून. प्रत्येक वस्तू आपल्या उबेपोटी बारीक रेडिओ लहरी सोडत असते. हा खांब, ही पोती, तुम्ही, मी. पाणी वीज जितकं जास्त वाहतं, तितक्या या लहरी त्याच्यातून कमी बाहेर पडतात. म्हणून दोन ठिकाणचं पाणी सारखंच कोमट असलं, तरी खारट पाणी उपग्रहाला किंचित थंड भासतं.

मामा : किंचित म्हंजे किती?

भाची : किलोमागं एक ग्रॅम मीठ वाढलं तर कोमट समुद्रात अर्ध्या अंशाच्या आसपास. आम्हाला ०.२ ग्रॅमचा फरक हवा असतो. म्हणजे अंशाचा दहावा भाग.

मामा : आपल्याकडं ताप मोजायच्या काडीत दोन माणसांत तेवढा फरक येतो.

भाची : म्हणून तर ही गोष्ट जमायला इतकी वर्षं लागली. अमेरिकेच्या स्कायलॅब अंतराळस्थानकावर १९७३ साली पहिल्यांदा करून बघितली. कामाचे नकाशे मिळायला लागले ते युरोपच्या स्मॉस उपग्रहापासून. तो २ नोव्हेंबर २००९ ला गेला. मग २०११ च्या जूनमध्ये अमेरिका आणि अर्जेंटिनाचा अ‍ॅक्वेरियस. तो चार वर्षं चालला. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेचाच स्मॅप. गंमत म्हणजे स्मॅप समुद्रासाठी पाठवलाच नव्हता. तो मातीतली ओल मोजायला गेला. पण लहर तीच, २१ सेंटीमीटरची. म्हणून समुद्राचं मीठही त्याच्याकडून मिळालं.

मामा : तीच लहर कामून?

भाची : याहून बऱ्याच आखूड लहरींना मीठ जवळजवळ कळत नाही. लांब घ्यावी, तर अँटेना भलतीच मोठी लागते. शिवाय आकाशातला हायड्रोजन याच २१ सेंटीमीटरवर बोलतो. म्हणून जगभर ठरलंय, की १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झच्या पट्टीत कुणी प्रक्षेपण करायचं नाही. ऐकायचं फक्त. नारायणगावजवळ खोडदला मोठ्या तबकड्या आहेत ना?

मामा : शाळेची सहल गेलती पोरांची. तीस तबकड्या. इंग्रजी वाय अक्षरावाणी मांडल्यात.

भाची : त्याही हायड्रोजनची ही लहर ऐकतात. आणि स्मॉससुद्धा वायच्याच आकाराचा आहे. तीन हात, त्यांवर ६९ छोट्या अँटेना. युक्ती खोडदचीच. एक अवाढव्य तबकडी बांधण्यापेक्षा पुष्कळ छोट्या पसरून ठेवायच्या आणि त्यांचं ऐकणं हिशेबानं जुळवायचं. फरक एवढाच, की खोडदचे कान वर आहेत आणि स्मॉसचे खाली.

मामा : बरं. अंशाचा दहावा भाग ऐकायचा. मधी वारा, ढग, लाटा. तवा बी ऐकू येतं?

भाची : ढगांचं या लहरीला काही वाटत नाही. वाऱ्याचं मात्र वाटतं. समुद्र खवळला की फेसामुळं तो जास्त उबदार भासतो. आकाशगंगेचा उजेड पाण्यावरून परावर्तित होतो, तो वजा करावा लागतो. किनारा जवळ आला की जमिनीची ऊब मोजमापात झिरपते, कारण या लहरीत जमीन समुद्राच्या दुप्पट-तिप्पट तापलेली दिसते. शिवाय कुणीतरी बंदी असलेल्या पट्टीत रडार लावून बसलेलं असतं. हे सगळं काढूनही एका फेरीच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. आम्हाला हवा तो फरक लहान आणि एका मोजणीतली चूक मोठी. मग आम्ही महिनाभराच्या फेऱ्या एकत्र करतो, शेकडो किलोमीटरचा पट्टा एकत्र धरतो आणि सरासरी काढतो. सरासरीत चुका एकमेकींना खातात आणि मीठ उरतं.

मामा : थांब. हितं थांब. सरासरी म्हनलीस.

भाची : हो.

मामा : माझं सगळं भांडण त्या एका शब्दाशी हाय. २०२३ आठवतं का? तू तवा हितं न्हवतीस. जुलैत पाऊस झाला, मी पेरलं. ऑगस्ट कोरडा ठाक. सोयाबीन फुलात आलं अन् माना टाकल्या. दिवाळीच्या तोंडावर चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्या जिल्ह्यातले तीन. वडवणी, धारूर, अंबाजोगाई. केज न्हाई. गच्चीवर चढलं की अंबाजोगाई तालुक्याची शिव दिसती. शिवेपलीकडच्या सोयाबीनला दुष्काळ, अलीकडच्याला न्हाई. मागून मंडळांची यादी आली, पर पहिल्या पंगतीला उठवलं ते उठवलंच. म्या इचारलं, तर एका साहेबानं सांगितलं, तुमच्या तालुक्याचे निर्देशांक बसत न्हाईत. निर्देशांक म्हंजे काय? तुझी सरासरीच ना?

भाची : आहे. दुष्काळ ठरवताना पाऊस बघतात, पेरा बघतात, उपग्रहावरून पिकाची हिरवाई बघतात, मातीतली ओल बघतात, भूजल बघतात. शेवटी निवडक गावांत जाऊन खात्री करतात. पण तालुक्याची शिव उपग्रहानं आखलेली नाही, मामा. ती महसुलाची आहे.

मामा : शिव त्याची न्हाई, मान्य. मग त्याच्या एका चौकोनात काय काय बसतं?

भाची : स्मॅपचा एक चौकोन साधारण चाळीस किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद. सोळाशे चौरस किलोमीटर. एकरांत म्हणाल तर...

मामा : चार लाख एकर. म्या मनातच केला हिशेब. अन् आपला जिल्हा?

भाची : १०,६९३ चौरस किलोमीटर. म्हणजे सहा-सात चौकोन.

मामा : अकरा तालुके सात खणांत कोंबले! त्यात बालाघाटाचा मुरूम आला, गोदाकाठची काळी आली, धरणाचं पाणी आलं, बागायती ऊस आला, अन् माझं सात एकर आलं. चार लाख एकरांचा एक आकडा. त्या आकड्यात मी हाय का न्हाई, तूच सांग.

भाची : आहात. पण तुम्हाला त्यातून वेगळं काढता येणार नाही. तशी सोय मुळात ठेवली होती. स्मॅपवर एक रडारही होतं, त्याच्या मदतीनं चौकोन नऊ किलोमीटरपर्यंत आणायचा होता. ते जुलै २०१५ मध्ये बंद पडलं. काम सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते.

मामा : अन् ओल मोजतो म्हनतीस, ती किती खोलवरची?

भाची : वरच्या पाच सेंटीमीटरची.

मामा : तीन बोटं! अगं, काळ्या रानात ज्वारी उभी राहती ती कशावर? हत्तीचा पाऊस खाली मुरलेला असतो, त्याच्यावर. वर भेगा पडल्यात, माती तापलीया, अन् खाली हातभर ओल हाय. तुझा उपग्रह म्हनंल रान वाळलं, अन् माझी ज्वारी पोटऱ्यात आलेली असंल. उलटं बी होतं. वर शिरवा पडला, चिखल दिसला, खाली कोरडं. पेरलं की बी गेलं. वाफसा आला का न्हाई ते मुठीत माती दाबल्याशिवाय कळत न्हाई. ढेकळाचा गोळा झाला तर थांबायचं, भुगा झाला तर उशीर झाला. त्याला मशीन लागत न्हाई.

भाची : मुठीवर माझा आक्षेप नाही. पण तुमची मूठ किती लांब पोचते? सप्टेंबरच्या शेवटी जो पाऊस आला, तो निघाला कुठून?

मामा : पूर्वेकडून. बंगालच्या उपसागरातून. टीव्हीवर गोल गोल फिरताना दाखवलं.

भाची : तिथं कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, ओडिशा ओलांडून आत सरकलं आणि आपल्यावर येऊन कोसळलं. तो उपसागर असा वागतो त्याचं एक मोठं कारण मीठ आहे. की मिठाचा अभाव म्हणा. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, सगळ्या तिकडं रिकाम्या होतात, वर पाऊसही तिथं दांडगा. गोडं पाणी हलकं, ते खारट पाण्यावर तरंगत राहतं.

मामा : साय धरल्यावाणी.

भाची : अगदी. त्या सायीखाली पडदाच तयार होतो. वारा कितीही ढवळू दे, खालचं गार पाणी सहज वर येत नाही. मग वरचा पातळ थर उन्हानं पटकन तापतो आणि तापलेलाच राहतो, २८ अंशांच्या वर. ढगांना आणि वादळांना एवढं पुरतं. साय कुठं आहे आणि कुठवर पसरलीय, हे कळल्याशिवाय तो समुद्र पुढं काय करील याचा हिशेब अर्धाच राहतो. तिकडं प्रशांत महासागरातही तेच. वरच्या थराच्या मिठाची माहिती घातली की एल निनोचे अंदाज सुधारतात, असं दिसून आलंय. आणि २०२३ एल निनोचंच वर्ष होतं.

मामा : मग २०२३ ला काय सांगितलं तुमच्या लोकांनी?

भाची : एप्रिलमध्ये हवामान खात्याचा अंदाज होता, देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस. झाला ९४ टक्के.

मामा : म्हंजे अंदाज बरोबर!

भाची : जवळपास बरोबर. आणि त्याच पावसाळ्यात ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट. १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट.

मामा : बघ. हेच म्हनायलो. सरासरी चुकली न्हाई, अन् आमी मेलो. तुझ्या मिठात सरासरीनं चुका मरतात. आमच्यात सरासरीनं मानसं मरतात.

*(थोडा वेळ कुणी बोलत नाही. आत मामी करंज्यांचा डबा बंद करते.)*

भाची : हे मला तोडता येणार नाही. समुद्राच्या मिठाला सरासरी चालते, कारण ती साय स्वतःच शेकडो किलोमीटरची असते. आकडा जेवढा रुंद, तेवढीच ती गोष्ट रुंद. तुमचा दुष्काळ मात्र रानागणिक वेगळा. त्याला चार लाख एकरांचा आकडा लावला, तर आकडा खोटा ठरत नाही, लावणारा चुकतो.

मामा : आता कशी बोललीस.

भाची : पण माझंही ऐका. उद्या उपग्रह काढून टाकला, तर त्या जागी काय येणार? पंचनाम्याचा पेन. कुणाच्या रानात आधी जायचं, कुणाचं नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर लिहायचं, हे कसं ठरतं ते तुम्ही मला सांगायचं. उपग्रहाला कुणाचा पुढारी कोण ते कळत नाही.

मामा : उपग्रहाला कळत न्हाई. पर त्याचा आकडा वाचणाराला कळतं की. अन् पेनवाल्याशी बांधावर भांडता तरी येतं. वरच्याशी कुठं भांडू? खुर्ची टाकून आभाळाकडं बघत बसू?

भाची : म्हणून तर दोन्ही पाहिजेत. थांबा, कोळ्यांचं सांगते. २००५ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर आठ ठिकाणी मच्छीमारांना बाटल्या दिल्या. दर पाच दिवसांनी गुडघाभर पाण्यात उतरायचं, बाटली भरायची, ठेवून द्यायची. बाकी काही नाही. अशी वर्षानुवर्षं. त्या बाटल्यांतून काय निघालं माहितीय? पावसाळा सरला की पूर्व किनाऱ्यालगत समुद्रातच एक गोडी नदी वाहायला लागते. शंभरेक किलोमीटर रुंद. उत्तरेतून निघून अडीच महिन्यांत ती देशाच्या दक्षिण टोकाशी पोचते. तिच्या वाटेवर उत्तरेकडं मिठात दहा ग्रॅमहून जास्त घट होते. २०१४ साली हे छापून आलं. शास्त्रज्ञांनी तिला 'समुद्रातली नदी' म्हटलं.

मामा : अन् उपग्रहाला दिसली न्हवती?

भाची : किनाऱ्याला खेटून होती ना. तिथं जमिनीची ऊब आडवी येते, मघाशी म्हणाले तशी. समुद्रात फिरून मीठ मोजणाऱ्या आर्गोच्या तरंगत्या नळ्याही तिथं कमी. जगभर चारेक हजार आहेत, पण त्या खोल पाण्यात फिरतात. पुढं स्मॅपच्या नकाशांत ती पट्टी दिसली, आणि बाटल्यांमुळं तिच्यावर विश्वास ठेवता आला.

मामा : त्या नदीत आपल्या मांजरेचं पानी असंल का?

भाची : असणार. मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगवते आणि गोदावरीला मिळते. बिंदुसरा सिंदफणेत, सिंदफणा गोदावरीत. आष्टीकडचं पाणी सीनेतून भीमेत, भीमा कृष्णेत. कुठूनही निघा, बीड जिल्ह्याचा थेंब बंगालच्या उपसागरातच जातो.

मामा : म्हंजे सप्टेंबरात माझं दोन एकर धुऊन नेलं, ते तिथं साय धरायला गेलं म्हन.

भाची : गंगा-ब्रह्मपुत्रेपुढं आपलं चिमूटभर. त्यानं पुढचा पाऊस ठरणार नाही. पण हिशेबात येतं.

मामा : आमचं चिमूटभर तुझ्या हिशेबात येतं अन् सरकारच्या न्हाई.

भाची : आणखी एक सांगायचं राहिलं. ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून निसार गेला. इस्रो आणि नासा, दोघांचा. बारा मीटरची अँटेना. तो नुसता ऐकत नाही, स्वतः लहर पाठवून पडसाद घेतो. समुद्राचं मीठ त्याच्या कामाचं नाही, पण रानातली ओल तो बारा दिवसांतून दोनदा स्मॅपपेक्षा कितीतरी बारीक बघू शकेल. चाळीस किलोमीटरचा खण उरणार नाही, काहीशे मीटरवर येईल.

मामा : म्हंजे माझं वावर दिसंल.

भाची : तुमचं आणि शेजारच्यांचं मिळून. पण काळ्या मातीत त्याचा आकडा कितपत खरा, हे कुणीतरी जमिनीवर मोजून सांगितल्याशिवाय ठरत नाही. तिथं बाटलीवाला लागतो.

मामा : *(उठून आत जातात. दिनदर्शिकेमागच्या खिळ्याला अडकवलेली पिशवी आणतात. तीत दोन वह्या.)* तुझ्या आज्यानं चालू केलतं. पत्र्याच्या डब्यात पाऊस धरायचा, टिपणाच्या काठीनं बोटं मोजायची. मी पुढं पट्टी लावली. कोणत्या दिवशी वाफसा आला, कवा पेरलं, ओल किती खोल गेली हुती, हे बी हाय. खोरं मारून बघायचो. विहीर कवा मचूळ झाली ते बी लिवलंय. यातलं सोयाबीन येतं ते मागच्या पन्नास पानांतच, आधी सगळी ज्वारी अन् तूर.

भाची : *(पानं उलटत)* मामा, ऑगस्ट २०२३ च्या पानावर काहीच नाही.

मामा : लिवायला काय हुतं? कोरं पान हीच नोंद हाय.

भाची : तिथं शून्य लिहायला हवं होतं. कोरं पान बघून मला कसं कळणार, पाऊस आला नाही की तुम्ही गावाला गेला होता?

मामा : *(हसतात)* एवढं एक माझं चुकलं.

भाची : ही वही मला द्याल? निसारच्या आकड्यांशी लावून बघते. समुद्रातल्या लोकांना माती कळते का, तेही कळेल.

मामा : अन् लावून बघून काय करशील? सरासरी काढशील?

भाची : काढावी लागेल. पण तुमचा आकडा वेगळा ठेवून. त्याच्यावरच तर सरासरी तपासायची आहे.

मामा : झेरॉक्स काढ केजला जाऊन. वही हितंच राहील.